पेरावरचे केस

रानातले गवत देशी की परके, हे लोक उंचीवरून ठरवतात: माणसाएवढे माजलेले म्हणजे बाहेरचे. गिनी गवतापुरते हे जुळते. ते आफ्रिकेतून चाऱ्यासाठी आले आणि आता रस्त्याकडेला बेधडक वाढते. पण उंची पावसावर आणि जमिनीवर ठरते, ओळख ठरते ती पेरावर, तुऱ्यावर, पाते जिथे खोडापासून सुटते त्या सांध्यावर. मुळात ते गवतच आहे ना, हेही पाहावे. लव्हाळ्याचा दांडा बोटांत फिरवला की तीन कडा लागतात. तो गवताच्या कुळातला नव्हेच. आपल्या मारवेलच्या पेराभोवती पांढऱ्या केसांचे कडे असते. कोणी म्हणेल, ओढ्यातल्या पॅरा गवताच्या पेरावरही केस असतात, आणि ते तर आफ्रिकेचे! आक्षेप रास्त आहे. म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नये. मारवेलच्या तुऱ्याचे फाटे टोकाशी बोटांसारखे एकत्र फुटतात, पॅराचे मधल्या दांड्यावर अंतराअंतराने.

आणखी एक अडचण उरते. देशीपणा पात्यावर लिहिलेला नसतो. शरीररचना फक्त नाव सांगते. मूळ गाव सांगतो इतिहास आणि प्रसाराचा नकाशा. तरीही आधी नाव हवे, नाहीतर परके म्हणून उपटायचे ते मारवेलच. तुरा नसेल तर निकाल पुढे ढकला. पावसाळा सरता सरता पुन्हा पाहा.