भिलाई : धुराड्यांच्या गावात फरा आणि फिल्टर कॉफी

मुंबई-हावडा मार्गावर गोंदिया, डोंगरगड मागे पडलं की दुर्ग येतं आणि त्याला चिकटूनच भिलाई. जगन्नाथपुरीला निघालेली मराठी कुटुंबं खिडकीतून धुराडी पाहतात, मुलांना ‘तो बघा पोलादाचा कारखाना’ म्हणून सांगतात आणि पुढच्या स्टेशनाची वाट पाहू लागतात. इथे उतरून करायचं काय, असा त्यांचा प्रश्न असतो. खरं तर दोन दिवस सहज जावेत, एवढं इथे आहे. पण ते शोधावं लागतं, विशेषतः खाण्याच्या बाबतीत.

भिलाई हे अलीकडचं गाव. फेब्रुवारी १९५५ मध्ये भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. आपण ज्या रुळांवरून इथवर येतो, त्यांतले कितीतरी याच कारखान्यात तयार झालेले असतात. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांतून आलं, तांडुला जलाशयाचं पाणी आलं आणि माणसं आली ती साऱ्या देशातून. केरळी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, मराठी. एकेका रांगेतल्या क्वार्टर्समध्ये पाच-सहा भाषा. कारखाना आतून पाहायचा तर आधी रीतसर परवानगी लागते. मात्र रुंद रस्त्यांची, गर्द झाडांची सेक्टर-वसाहत पाहायला कोणाची परवानगी नको. सकाळी सायकल किंवा रिक्षानं तासभर फिरावं.

मुलं बरोबर असतील तर मैत्रीबाग टाळता येणार नाही. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून कारखान्यानं उभारलेलं हे उद्यान आणि प्राणिसंग्रहालय. तळ्यात नौकाविहार आहे, पण सगळी गर्दी असते ती पांढऱ्या वाघांपाशी. सोव्हिएत संघ १९९१ साली नकाशावरून गेला, बागेचं नाव मात्र तेच राहिलं. सिव्हिक सेंटरमधलं नेहरू कलादालन वाटेतच आहे. तिथे कोणाचं प्रदर्शन भरलं असेल तर डोकवावं.

संध्याकाळी वसाहतीच्या बाजारांत खाण्याची चंगळ असते. इंडियन कॉफी हाऊसमध्ये फेटेवाले वाढपी डोसा आणि फिल्टर कॉफी आणून ठेवतात. ही कामगारांच्या सहकारी संस्थेची उपाहारगृहं, म्हणून खिशालाही सोसतात. सकाळी पोहे-जिलेबी. पोहे आपल्यासारखेच, पण सोबत गरम जिलेबी पाहून पुण्या-मुंबईचा पाहुणा जरा बिचकतो. एकदा चव घेतली की बिचकत नाही.

मात्र बऱ्याच हॉटेलांत मेनूकार्ड उघडलं की पनीर, मंचुरियन, तंदुरी रोटी. छत्तीसगडी पदार्थ कुठे आहेत? ते घरांत आहेत, सणावारात आहेत. देशभरचे लोक आपापली चव घेऊन इथे आले आणि या मातीची चव मागच्या दारी बसली, असंच म्हणावं लागेल. २०२२ च्या कामगारदिनी राज्य सरकारनं लोकांना बोरे-बासी, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, खाण्याचं आवाहन केलं, तेव्हा कुठे शेतकऱ्याच्या या न्याहारीला मान मिळाला. उन्हाळ्यात कांदा, मिरची आणि चटणीबरोबर ती खाऊन पाहावी. मे महिन्यातल्या रखरखाटात तिचं मोल कळतं.

मराठी माणसाला हे जेवण परकं वाटत नाही. तांदळाच्या पिठाचा चीला म्हणजे आपलं धिरडं. अइरसा म्हणजे अनारशाचा सख्खा भाऊ. अळूच्या पानांत उडदाचं वाटण भरून वाफवलेल्या वड्या आंबट रश्शात सोडल्या की ‘इडहर’ होतो. वाफवून फोडणी दिलेला फरा, बेसनाची ठेठरी, गुळाची खुरमी ही खास इथली. बाजारात भाजीवालीला विचारलं तर चरोटा आणि बोहार हाती पडतात, म्हणजे आपला टाकळा नि भोकर! रायपूर जेमतेम तीस किलोमीटरवर. तिथल्या महंत घासीदास संग्रहालयाच्या आवारातल्या ‘गढकलेवा’त २०१६ पासून असे पदार्थ मिळतात. पण भिलाईत ओळखीचं घर असेल तर संकोच न करता ‘फरा करा’ म्हणून सांगावं.

दुसरा दिवस आसपासच्या ठिकाणांसाठी ठेवावा. चरोद्याजवळ देवबळोद्याचं कलचुरीकालीन शिवमंदिर आहे. शिखर नाही, शेजारी कुंड, भिंतींवर कोरीवकामाचे पट्टे. महाशिवरात्रीला जत्रा भरते, एरवी शांतता. पंडवानी गायिका तीजनबाईंचं गनियारी गावही भिलाईपासून फार दूर नाही. महाभारत उभं राहून, तंबोरा नाचवत सांगणाऱ्या या बाईंनी भिलाईच्या कारखान्यात नोकरीही केली. २०१९ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं. परतीच्या वाटेवर डोंगरगडला उतरून बम्लेश्वरीचं दर्शन घेता येतं. आजी-आजोबांना पायऱ्या झेपत नसतील तर रोपवे आहे.

जायचं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. मुक्काम दुर्गला केला तरी चालतो. परतताना ठेठरी-खुरमीचा डबा भरून घ्यावा. कोरडी असल्यानं ती बरेच दिवस टिकते, आणि नागपूर येईपर्यंत निम्मी संपते.