घाटाचा राजा

‘घाट’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बोरघाट उभा राहतो, नाहीतर नदीच्या पायऱ्या. खेड तालुक्यात मात्र घाट म्हणजे बैलगाड्यांच्या शर्यतीसाठी राखलेली, चढाची, सरळ, मातीची धाव. चिंचवडहून भोसरीमार्गे नाशिकच्या रस्त्याला लागावे, मोटारींचे सुटे भाग वाहणाऱ्या ट्रकांच्या रांगेत बसेल तितके बसावे आणि चाकण मागे टाकावे. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शाएस्तेखानाला पन्नासहून अधिक दिवस झुंजविले, तो संग्रामदुर्ग याच चाकणचा. त्याचा तट आज शोधावा लागतो. कारखाने शोधावे लागत नाहीत.

या भागात निमगावच्या खंडोबाचा घाट नावाजलेला. पण मला आमंत्रण होते ते माझ्या एका विद्यार्थ्याच्या गावचे, चैत्रातल्या यात्रेचे. दोन्ही अंगांना टेकडीवर माणसेच माणसे. खाली गाड्याला चार बैल जुंपलेले, त्यांच्यापुढे एक घोडेस्वार. निशाण पडले की घोडी उधळते, बैल तिच्यामागे चढ चढतात, भंडाऱ्याचा पिवळा ढग उठतो आणि आपण चष्मा पुसेपर्यंत ‘बारी’ संपलेली असते! वेळ सेकंदांत मोजायची. जो सर्वांत कमी वेळात चढेल, तो ‘घाटाचा राजा’.

ही माणसे पाहताना मला आल्प्समधली प्लानित्साची दरी आठवत होती. स्लोव्हेनियातली ही दरी मी पडद्यावरच पाहिली आहे. आपल्याकडे यात्रा सुरू होतात त्याच सुमारास, मार्चमध्ये, तिथे बर्फाच्या उतारावरून माणसे पायाला लांब फळ्या बांधून हवेत झेपावतात. १९३६ साली सेप ब्राडल या अठरा वर्षांच्या ऑस्ट्रियन पोराने तिथे शंभर मीटरांची सीमा प्रथम ओलांडली. १९९४ साली फिनलंडचा टोनी निएमिनेन दोनशेंच्या पलीकडे उतरला. मौज अशी, की खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला आरंभी या लांब उड्या नामंजूर होत्या. मान्यता मिळाली ती १९३८ साली.

पण तिथे उडी घेणारा आपल्या मर्जीने घेतो. बैलाला कोण विचारतो? २०१४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, त्यामागे हाच प्रश्न होता. टोचण्या आणि विजेचे झटके काही कुणी कल्पनेने रचलेले नव्हते. २०२१ च्या डिसेंबरात शर्यतींना अटींसह परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मेमध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, जनावरांचा डॉक्टर बैल तपासतो. अटी पाळल्या जातात की नाही हे पाहणारे डोळे घाटावर हवेत, असे माझे मत. यजमानांच्या ओसरीवर मी ते बोलूनही दाखविले.

विद्यार्थ्याचे वडील, आबा, रागावले नाहीत. “खरं हाय सर. टोचणारे होते. पण मारून पळवलेला बैल दुसऱ्या वर्षी पळत नाही.”

“जमीन किती आबा तुमची?”

“होती ती कारखान्यात गेली. राहिली त्याला ट्रॅक्टर येतो. ह्यो नुसता घाटाचा.”

त्या ‘नुसत्या घाटाच्या’ गड्याला रोज दूध, अंडी, उडदाचे पीठ! घरातला मुलगा कारखान्यात पाळीवर जातो, त्याच्या पगारातला मोठा वाटा गव्हाणीत पडतो. सूनबाईंचे याविषयी काय मत आहे, हे त्यांनी चहाचा कप ठेवताना जरा जोरात ठेवून सांगितले.

“बंदीच्या वर्षांत जोडी होती,” आबा म्हणाले. “एक चाकणच्या बाजारात दिला.”

“कोणी घेतला?”

ते बैलाच्या शिंगाचा रंग निरखीत राहिले.

दुपारी त्यांची बारी लागली. वर पोचताच पोरे कर्ण्यावरची वेळ ऐकायला धावली. आबांनी मात्र आधी बैलाच्या छातीला हात लावला, मग पाय एकेक करून चाचपले, पाणी थोडे थांबून द्या म्हणून बजावले. नंतर म्हणाले, “किती?”

बाराला थोडे वर. दुसऱ्या नंबरात.

“ठीक हाय,” आबा म्हणाले आणि कासरा सोडवू लागले.