सराफ्यातील कसोटी

इंदूरचा सराफा पाहावयाचा तर दोनदा पाहावा. दिवसा तेथे सोन्याचांदीचा व्यवहार चालतो. रात्री पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. भुट्ट्याचा कीस, गराडू, साबुदाण्याची खिचडी, जिलेबी यांच्या वासाने गल्ली भरून जाते आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. येथून काही पावलांवर होळकरांचा राजवाडा आहे. १९८४ साली तो आगीत होरपळला. पुढे त्याची पुन्हा उभारणी झाली. त्याच्या दरवाजासमोर उभे राहिले म्हणजे या घराण्यातील स्त्रियांची आठवण होते.

१७६६ साली मल्हारराव होळकर वारले आणि पुढच्याच वर्षी त्यांचा नातू मालेराव गेला. गादीला वारस उरला नाही. कारभारी गंगाधर यशवंत चंद्रचूड याने दत्तकाची मसलत मांडली आणि राघोबादादांना सैन्यासह बोलाविले. मालेरावाची आई अहिल्याबाई ही विधवा. परंतु तिने फौज सज्ज केली. तुकोजी होळकर तिच्या पाठीशी उभे राहिले. स्त्रीवर विजय मिळविण्यात कीर्ती नाही आणि तिच्याकडून हार पत्करली तर लाज आहे, अशा आशयाचा निरोप तिने दादांना धाडला, असे सांगतात. दादांनी माघार घेतली. रक्त सांडले नाही. पुढे १७९५ पर्यंत तिने महेश्वराहून राज्य केले.

तिच्यामागून आलेल्या तुळसाबाईचे दैव निराळे. १८११ साली यशवंतराव होळकर निवर्तल्यावर अल्पवयीन मल्हाररावाच्या नावाने तिने कारभार हाती घेतला. खजिना रिकामा, फौजेचा पगार थकलेला, सरदार परस्परांवर संशय धरून बसलेले. इंग्रजांशी तिचे बोलणे चालू आहे, असे कळताच तिच्याच सैन्यातील लोकांनी तिला धरले आणि डिसेंबर १८१७ मध्ये क्षिप्रेच्या काठी ठार केले. लगोलग २१ डिसेंबरला महिदपूरची लढाई होऊन होळकर हरले. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला. त्यानंतरच इंदूर ही राजधानी झाली.

हे केवळ माळव्यातच घडले असे नाही. इंग्लंडात राजकन्या मटिल्डा हिला सरदारांनी वारस म्हणून शपथ वाहिली होती. पण ११३५ साली तिचा पिता पहिला हेन्री वारताच तिचा आतेभाऊ स्टीफन याने मुकुट पटकाविला. ११४१ साली ती सिंहासनाजवळ पोहोचली, तोच लंडनकरांनी तिला हुसकून लावले. तिने माघार घेतली. ११५४ साली मुकुट तिच्या पुत्राच्या मस्तकी आला.

तुळसाबाईला वाईट म्हणणे सोपे आहे. तिची कहाणी बहुतेक तिच्या विरोधकांनीच लिहिली, हेही विसरता कामा नये. अहिल्याबाईपाशी भरलेला खजिना आणि विश्वासू सेनापती होता; तिच्यापाशी दोन्ही नव्हते.

तथापि अहिल्याबाईचे नाव माळव्याच्या ओठांवर राहिले ते तिने राघोबांना परतविले म्हणून नव्हे. घाट, विहिरी, धर्मशाळा यांसाठी तिने धन वेचले. गाऱ्हाणे घेऊन आलेल्यास ती स्वतः भेटे. तुमच्यात जो थोर असेल त्याने सेवक व्हावे, ही प्रभू येशूची शिकवण तिच्या कानी आली नसेल. पण तिच्या करणीत ती दिसते.

वाचकहो, सराफ कसोटीच्या दगडावर सोने घासून पाहतो. अधिकाराचेही तसेच आहे. मग तो राज्याचा असो की आपल्या घरचा.