पायघड्या

राजा अ‍ॅगमेम्नॉन अजून रथातच उभा आहे. दहा वर्षांचं ट्रॉयचं युद्ध जिंकून तो आर्गोसला परतला आहे. राजवाड्याचं दार समोर दिसतं आहे आणि मध्ये नुसती धूळभरली जमीन आहे. राणी दासींना हाक मारते, उशीर का लावता म्हणून दटावते. दासी पुढे होतात, घड्या उलगडू लागतात आणि गडद तांबडं, जांभळ्याकडे झुकणारं कापड रथाच्या चाकापासून थेट दारापर्यंत पसरत जातं.

एस्किलसच्या ‘ओरेस्टिया’तलं हे कापड मला जगाच्या रंगभूमीवरच्या थोर पात्रांपैकी एक वाटतं. त्याला एकही वाक्य नाही. इसवी सनपूर्व ४५८मध्ये अथेन्सच्या डायोनिसस-उत्सवात ही नाट्यत्रयी झाली आणि तिला पहिलं पारितोषिक मिळालं. तीन नाटकं मिळून एकाच घराण्यातल्या सुडाची गोष्ट सांगतात. पहिल्यात राणी राजाला मारते, दुसऱ्यात मुलगा राणीला मारतो, तिसऱ्यात त्या मुलाचा खटला चालतो. माणसं येतात आणि जातात. तिन्ही नाटकांत दिसणारी माणूस म्हणावी अशी एक राणी क्लायटेम्नेस्ट्राच, आणि तीही तिसऱ्यात भूत होऊन येते. कापड मात्र रूप बदलत शेवटच्या मिरवणुकीपर्यंत पोचतं.

आधी त्याचं कूळ सांगायला हवं. हा गालिचा नाही. पायाखाली यावं म्हणून तो विणलेलाच नाही. अंगावर घ्यायचं किंवा देवाला वाहायचं हे तलम वस्त्र आहे. नुसतं पाऊल पडलं तरी खराब होणारं. ते घरातल्या बायकांनी विणलेलं आहे. ग्रीक घरातला माग उभा असे, उभे धागे ताठ राहावेत म्हणून त्यांना खाली मातीची वजनं बांधलेली असत आणि बाई त्यासमोर उभी राहून, पुढेमागे चालत विणत असे. एका मोठ्या वस्त्रात महिनोन्‌महिने जात. आणि रंग? तो म्युरेक्स जातीच्या समुद्री गोगलगायींचा. १९०९ साली पाउल फ्रीडलेंडर या रसायनशास्त्रज्ञाने बारा हजार गोगलगायींमधून हा रंग काढला, तेव्हा त्याच्या हाती जेमतेम १.४ ग्रॅम लागला. घरातल्या पिढीजात पैठण्या कपाटातून काढून कुणी अंगणात अंथराव्यात आणि पाहुण्याला त्या तुडवत आत ये म्हणावं, असा हा प्रकार आहे. ते पाहताना सन्मान वाटण्याऐवजी पोटात खड्डा पडतो. क्लायटेम्नेस्ट्राला तेच हवं आहे.

अ‍ॅगमेम्नॉन मूर्ख नाही. हा मान देवांचा, मी माणूस आहे, असं तो स्पष्ट सांगतो. घरची दौलत पायाने नासवायची त्याला लाज वाटते. पण राणी वादात त्याच्यापेक्षा वरचढ आहे. हेच युद्ध ट्रॉयच्या राजाने, प्रायमने, जिंकलं असतं तर तो काय करता, असं ती विचारते. तो चालला असता, हे राजाला कबूल करावं लागतं. लोक काय म्हणतील ही त्याची भीती; ज्याचा कुणाला हेवा वाटत नाही तो काय मोठा, हे तिचं उत्तर. अखेर तो नमतो. निदान चामड्याची पादत्राणं तरी काढा, म्हणतो. जणू अनवाणी पावलांनी दोष कमी लागेल. तो चालू लागतो तेव्हा ती समुद्राविषयी बोलते: समुद्र आहे, तो कोण आटवणार, त्यात हा रंग नेहमीच तयार होत राहणार. बोलते आहे रंगाबद्दल आणि ऐकणाऱ्याला दिसतं रक्त. दारातून रक्ताचा ओघळ बाहेर आला आहे आणि राजा त्याच ओघळावरून उलटा आत निघाला आहे, असं ते दृश्य आहे. एस्किलसने कुणाच्याही तोंडी हे घातलेलं नाही. कापड अंथरलं आणि तो थांबला.

या कापडाचा स्वभाव भयंकर आहे, कारण त्याला स्वतःची इच्छा नाही. ते कुणालाच नाही म्हणत नाही. जो हात लावेल त्याचं होतं, जे सांडेल ते शोषतं आणि शोषलेलं सोडत नाही.

राणीचा राग कुठून आला हे वृंदाने, म्हणजे आर्गोसच्या म्हाताऱ्यांनी, बरंच आधी सांगून ठेवलं आहे आणि तिथेही कापड आहेच. ट्रॉयला निघालेलं आरमार ऑलिसच्या बंदरात उलट्या वाऱ्याने अडकलं. आर्टेमिस देवीचा कोप शांत करायला अ‍ॅगमेम्नॉनने पोटच्या मुलीचा, इफिजीनियाचा, बळी दिला. घराण्याला शाप लागू नये म्हणून तिचं तोंड बांधलं होतं. वेदीवर उचलताना तिचं केशरी वस्त्र जमिनीवर ओघळलं, एवढं म्हातारे सांगतात आणि पुढचं आपण पाहिलं नाही म्हणून गप्प होतात. बाप मुलीच्या वस्त्रावरून चालत जहाजाकडे गेला, हे या नाटकाच्या तळाशी आहे. दहा वर्षांनी राणी त्याच्यासमोर दुसरं वस्त्र पसरते. १९९९ साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये केटी मिचेल या दिग्दर्शिकेने हे कापड लहान मुलींचे तांबडे फ्रॉक एकत्र शिवून केलं होतं. या प्रसंगाचं इतकं अचूक भाष्य मला कुठल्या टीकाग्रंथात मिळालेलं नाही. बापाला मुलीवरूनच चालावं लागतं, तेव्हाही आणि आताही.

पायघड्या गुंडाळल्या जातात. आत न्हाणीघरात दुसरं कापड तयार आहे. संहितेप्रमाणे ते वेगळं वस्त्र आहे, पण त्याच घरातलं, तसंच भरजरी. ते पहिल्यांदा दिसतं कॅसँड्राला. ट्रॉयची ही राजकन्या राजाने लूट म्हणून आणलेली आहे, तिला भविष्य दिसतं आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. खून होण्याआधीच ती बाहेर उभी राहून ओरडते की आत जाळं आहे. मग ती भविष्यवेत्तीची आपली चिन्हं अंगावरून ओरबाडून फेकते आणि मरायला आत जाते.

दार उघडतं तेव्हा राणी दोन प्रेतांपाशी उभी असते आणि सगळं स्वतःच सांगते. मासे धरायचं जाळं फेकावं तसं कापड त्याच्यावर टाकलं, ज्याला शेवट नाही, ज्यातून वाट नाही. मग तीन घाव घातले. ती काही लपवत नाही. बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात साधारण त्याच काळातलं एक ग्रीक मद्यपात्र आहे. त्यावर अ‍ॅगमेम्नॉन अशाच झिरझिरीत वस्त्रात गुरफटलेला दिसतो, हात बाहेर काढता येत नाहीत आणि तलवार राणीच्या प्रियकराच्या, एजिस्थसच्या, हातात आहे. एस्किलसने तो घाव एजिस्थसकडून काढून राणीच्या हातात दिला. एजिस्थसचा सूड जुना आहे. अ‍ॅगमेम्नॉनच्या बापाने त्याच्या भावंडांना मारून त्याच्या बापाला जेवणात वाढलं होतं. पण तो सगळं उरकल्यावर येतो आणि बडबड करतो. नाटकाला त्याच्यात फारसा रस नाही आणि मलाही नाही. रस आहे तो या बाईत, जी खुनाचं हत्यार न लपवता चारचौघांत दाखवते. हा न्याय आहे आणि हा पुरावा, असं तिचं म्हणणं आहे.

दुसऱ्या नाटकात कापड एकदा, फक्त एकदा, मायेने येतं. परदेशात वाढलेला राजाचा मुलगा ओरेस्टीस बापाच्या थडग्याशी बहिणीला, इलेक्ट्राला, भेटतो. तिचा विश्वास बसत नाही. तेव्हा तो तिनेच विणलेलं वस्त्र तिला दाखवतो, त्यावरची प्राण्यांची नक्षी दाखवतो. युरिपिडीसने पुढे आपल्या ‘इलेक्ट्रा’त याची टर उडवली: लहानपणीचे कपडे मोठेपणी अंगाला होतील कसे, अंगाबरोबर कपडेही वाढतात का? शंका बिनतोड आहे. तरीही मला एस्किलसचा प्रसंगच खरा वाटतो. त्या घरात बायकांच्या हातांनी विणलेली एकच गोष्ट कुणाला तरी जवळ आणते, आणि ती ओळख पटते न पटते तोच भावंडं आईच्या खुनाचा बेत करू लागतात.

आणि मग तेच दार पुन्हा उघडतं. पुन्हा दोन प्रेतं, या वेळी राणीचं आणि एजिस्थसचं. पुन्हा वर कोणीतरी उभं, आणि हातात तेच रक्ताळलेलं वस्त्र. ओरेस्टीस ते नोकरांना गोलाकार पसरायला सांगतो, म्हणजे सगळं पाहणाऱ्या सूर्याला माझ्या आईचं कृत्य दिसेल. याला काय म्हणू, असं विचारत तो शब्द शोधतो. जनावराचा सापळा? पायापर्यंत लपेटलेलं कफन? न्हाणीचा पडदा? एकही नाव त्याला पुरत नाही. हे माझं साक्षीदार, म्हणतो. मग त्याची नजर डागावर पडते. वाळलेल्या रक्ताने आणि काळाने भरतकामाचे रंग खाल्ले आहेत.

सूड घेणाऱ्याला साक्षीदार लागतो. आपण खून केला नाही, हिशेब केला, हे त्याला कुणालातरी दाखवायचं असतं. ज्या कापडाने आईची बाजू मांडली तेच आता मुलाची बाजू मांडतं आणि दोघांसाठी तितक्याच निष्ठेने मांडतं. या कापडाने ओरेस्टीसविरुद्ध एक शब्द काढला नाही. तरी ते हातात असतानाच त्याचं मन वाट सोडतं, आणि थोड्याच वेळात त्याला काळे कपडे घातलेल्या, केसांत साप गुंफलेल्या बायका दिसू लागतात. त्या दुसऱ्या कुणालाच दिसत नाहीत. एरिनीज, आईच्या रक्ताच्या सूडदेवता. तो पळत सुटतो.

तिसऱ्या नाटकात त्या आपल्यालाही दिसतात. डेल्फीच्या पुजारिणीला त्यांचा वेशच सहन होत नाही. असे कपडे देवळात किंवा माणसांच्या घरात आणू नयेत, असं ती म्हणते. खटला अथेन्समध्ये अ‍ॅरिओपॅगसच्या टेकडीवर, अथीना देवीने नेमलेल्या नागरिकांपुढे चालतो. आणि इथे एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही: ते रक्ताळलेलं वस्त्र न्यायालयात आणलं जात नाही. ओरेस्टीसची बाजू मांडणारा अपोलो देव त्याचं वर्णन करतो, पण ते पसरायला कुणी सांगत नाही. दोन नाटकं ज्याला फडकावून माणसं खरी ठरत होती, त्याच्याशिवाय या खटल्यात बोलावं लागतं, दुसऱ्या बाजूचं ऐकावं लागतं, खडे टाकून मत द्यावं लागतं. मतं समसमान पडतात, अथीनाचं मत ओरेस्टीसच्या बाजूचं असतं आणि तो सुटतो.

मी हा निकाल दरवेळी अस्वस्थ होऊन वाचतो. आई ही खरी जन्मदाती नसून बापाचं बीज सांभाळणारी आहे, हा अपोलोचा युक्तिवाद आज ऐकवत नाही. त्याहून मोठी उणीव म्हणजे या नाटकात इफिजीनियाचं नावही कुणी काढत नाही. ज्या खुनापासून राणीचा सूड सुरू झाला तो आरोपपत्रात नाही, बचावात नाही. एरिनीजही आईची बाजू मांडताना मुलीला विसरतात. त्या केशरी वस्त्राची साक्ष कधीच झाली नाही.

तरी अथीना पुढे जे करते ते मला मोठं वाटतं. हरलेल्या एरिनीज देशाची जमीन नासवायला निघाल्या आहेत. ती त्यांना हाकलत नाही, धमकीही फार ताणत नाही, समजावत राहते. शहरातून भीती पूर्ण हद्दपार करू नका, असं तिने नागरिकांनाही बजावलेलं आहे. ती त्यांना जमिनीखाली घर देते, पूजा देते आणि शेवटी तांबडी वस्त्रं मागवते. अथेन्सच्या पॅनॅथेनिया उत्सवात तिथे राहणारे परदेशी, म्हणजे नागरिकत्व नसलेले रहिवासी, तांबडे झगे घालून मिरवणुकीत चालत. इथे एरिनीजनाही तेच स्थान मिळतं. राजाने तुडवलेला आणि न्हाणीत माखलेला रंग इथे कुणीतरी नीट अंगावर घेतं.

त्याच एरिनीज या शहरात यादवी माजू नये, इथल्या धुळीने नागरिकांचं रक्त सुडापोटी पिऊ नये, असं मागणं मागतात. प्रेक्षकांना त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नव्हती. चार वर्षांपूर्वी इफिआल्टीस या लोकशाहीवादी नेत्याने याच अ‍ॅरिओपॅगसवरच्या सभेचे बहुतेक अधिकार काढून घेतले होते, खुनाचे खटले तेवढे ठेवले होते, आणि लवकरच त्याचा खून झाला होता. त्याचे मारेकरी सापडले नाहीत, असं पुढे अँटिफॉन या वक्त्याच्या एका भाषणात नोंदलं गेलं. त्या दिवशी थिएटरच्या पायऱ्यांवर इफिआल्टीसची माणसंही बसली असणार आणि त्याच्या विरोधकांचीही.