नाही म्हणणारा माणूस

परवानाधारक कंत्राटदाराची बाजू मी कधी घेईन, असं आमच्या सोसायटीत कुणाला सांगितलं असतं तर तो मोठ्यानं हसला असता. मुलुंडच्या आमच्या जुन्या इमारतीचा मी बरीच वर्षं सचिव होतो. कुणी सभासद नूतनीकरणाचा अर्ज घेऊन आला आणि समितीतल्या एखाद्यानं ‘कंत्राटदार परवानाधारक आहे का?’ असं विचारलं, की माझं उत्तर ठरलेलं असायचं: घरकामाला मिस्त्री लागतो, कागद लागत नाही.

हे बोलायला माझ्याकडे कारणं होती आणि त्यातली काही मला आजही पटतात. महावितरणकडे वाढीव भारासाठी अर्ज केला की परवानाधारक विद्युत कंत्राटदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट लागतो. घरात पाऊल न टाकता, दुकानात बसल्या बसल्या अशी सही ठोकणारे लोक मी पाहिले आहेत. शिवाय घरदुरुस्ती करणाऱ्या सर्वसाधारण कंत्राटदारासाठी आपल्याकडे ‘परवाना’ असा नाहीच. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे कंत्राटदारांची नोंदणी होते, पण ती सरकारी कामांसाठी. बाकी गुमास्ता आणि जीएसटी क्रमांक दाखवून ‘गव्हर्नमेंट लायसन्स्ड’ असं व्हिजिटिंग कार्डावर छापणारे पुष्कळ. याउलट आमचे नेहमीचे मिस्त्री. लेव्हल पाइप आणि ओळंबा एवढ्यावर त्यांनी लावलेली फरशी अशी बसायची की पाणी टाकावं आणि ते नेमकं जाळीकडे जावं. टाइल ठोकून, आवाजावरून खालचा पोकळपणा सांगायचे. आणि मला त्यांचा सगळ्यात आवडणारा गुण म्हणजे ते कधी नाही म्हणायचे नाहीत. ‘होईल की काका’ हे त्यांचं पालुपद.

माझं मत फिरलं ते याच गुणापाशी.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक लेखापरीक्षण (स्ट्रक्चरल ऑडिट) 5 वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांपुढच्या इमारतीचं 3 वर्षांतून एकदा करावं लागतं. आम्ही ते टाळत टाळत शेवटी केलं. आलेल्या इंजिनिअरनं हातोडीनं खांब ठोकत सगळी घरं पालथी घातली. काही घरांत खांबाच्या कडेनं उभ्या चिरा होत्या. प्लास्टर काढल्यावर त्यांच्या आत वायरिंगचे पाइप निघाले. कन्सील्ड वायरिंगची हौस पुरवताना वायरमननं भिंतीसोबत आरसीसी खांबातही खाच मारली होती. खांबातल्या सळ्यांवर काँक्रीटचं निदान 40 मिलिमीटर आवरण असावं, असं भारतीय मानक 456 सांगतं. पाव-अर्धा इंच प्लास्टर धरूनही एक इंची पाइप आत दडवायचा तर त्यातलं बरंचसं आवरण जातं. उघड्या पडत आलेल्या सळीपर्यंत ओल पोचते, सळी गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि आतून काँक्रीट फोडतो. हे व्हायला काही वर्षं लागतात. तोवर वायरमन दुसऱ्या उपनगरात आणि फ्लॅट दुसऱ्या मालकाच्या नावावर.

त्या घरांच्या परवानगीपत्रांवर सचिव म्हणून सही माझी होती.

फरशीचं गणित मला त्याच इंजिनिअरनं समजावलं. जुनी फरशी उखडायचा त्रास नको म्हणून तिच्यावरच दोन इंच माल टाकून नवी बसवायची, ही आमच्याकडची आवडती युक्ती. त्यानं कागदावर आकडे मांडले. तो थर आणि फरशी मिळून चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास वजन होतं. राहत्या घराच्या स्लॅबवर माणसं आणि सामान यांच्यासाठी धरलेला भार असतो साधारण दोनशे किलो. म्हणजे त्यातला निम्मा वाटा घरात खुर्चीसुद्धा न ठेवता संपला. दहा बाय दहाच्या खोलीत जवळजवळ एक टन. हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं. फरक इतकाच की मी ठाऊक असल्यासारखा बोलत होतो.

25 जुलै 2017 ला घाटकोपरच्या दामोदर पार्कमधली साईसिद्धी इमारत कोसळली आणि 17 जणांचा जीव गेला. तळमजल्यावर, पूर्वी नर्सिंग होम असलेल्या जागेत, नूतनीकरण चालू होतं. त्यात खांबांना धक्का लावल्याचा आरोप रहिवाशांनी केला. ती इमारत ज्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर होती, तोच रस्ता पुढे आमच्या मुलुंडमधून जातो. तेव्हा मी बातमी वाचली, हळहळलो आणि आपल्याकडे असं होणार नाही म्हणून पान उलटलं. ऑडिटच्या अहवालातले फोटो बघताना ती बातमी पुन्हा आठवली आणि या खेपेला पान उलटता आलं नाही.

त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाला स्वयंपाकघर आणि दिवाणखाना एक करायचा होता. मिस्त्री म्हणाले, होईल की. मी इंजिनिअरचं पत्र मागितलं. तो आला, मापं घेतली आणि म्हणाला, भिंत पाडा, पण भिंतीतून पुढे आलेला हा नऊ इंची भाग खांब आहे, त्याला हात लावायचा नाही. लावायचा असेल तर माझी सही मिळणार नाही. घरमालक चिडले. ‘पैसे आम्ही देतोय ना?’ असंही म्हणाले. तो हसून बाहेर पडला. त्याला हे काम गेलं असतं तरी चाललं असतं, परवाना गेला असता तर चाललं नसतं. आमच्या मिस्त्रींचं उलट होतं. त्यांचं पुढचं काम याच मालकाच्या शिफारशीवर मिळणार. त्यांनी नाही कुठल्या जोरावर म्हणायचं?

परवाना कारागिरीची खात्री देत नाही, हे माझं मत अजून कायम आहे. पण तो कुणाकुणाला लागतो ते बघा. मुंबईत महापालिका स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणि प्लंबरला देते. विद्युत कंत्राटदार, पर्यवेक्षक आणि तारतंत्री यांना राज्य शासनाकडून घ्यावा लागतो. रंगाऱ्याला लागत नाही, सुताराला लागत नाही. त्यांची चूक दुसऱ्या दिवशी दिसते आणि ज्याच्या घरात झाली त्यालाच दिसते. खांब, वायर आणि ड्रेनेज प्लास्टरआड जातात, आणि त्यांतली चूक बऱ्याचदा खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याला भोवते.

पैशांबद्दल थोडक्यात. रोखीनं, बिलाविना काम करून घेतलं की बरेच वाचतात, हे खरं. पण काम बिघडल्यावर ग्राहक आयोगाकडे जायचं तर दोन वर्षांत जावं लागतं आणि हातात काहीतरी कागद लागतो. तोंडी व्यवहारात तक्रारदाराची निम्मी ताकद काम कुणी केलं हे सिद्ध करण्यातच जाते.

‘गरिबाच्या पोटावर पाय देता’ असं मला जुन्या मित्रांनी ऐकवलं. मिस्त्रीही आधी दुखावले. ‘काका, तुम्हीच म्हणायचात ना, कागद लागत नाही?’ हो, मीच म्हणायचो. आता ते त्याच इंजिनिअरच्या हाताखाली आमच्या इमारतीतली कामं करतात, फरशी अजूनही त्यांच्यासारखी कुणी लावत नाही. परवा एका मालकानं माळ्यावर पाण्याची मोठी टाकी चढवायचा हट्ट धरला, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, ‘साहेबांना विचारा, मला परवानगी नाही.’ त्यांच्या तोंडून नकार मी पहिल्यांदाच ऐकला.

गणपतीच्या आत घर उरकायचं म्हणून घाई करणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. रंग, कपाटं, जुनी फरशी काढून नवी टाकणं, एवढंच असेल तर ओळखीच्या मिस्त्रीला खुशाल बोलवा. भिंत, खांब, वायरिंग किंवा ड्रेनेजला हात लागणार असेल तर परवान्याची प्रत मागा, तिच्यावरची मुदत बघा, आणि सही करणारा माणूस काम चालू असताना स्वतः घरी येणार का, हे आगाऊ रक्कम देण्याआधी विचारा. येणार नसेल तर दुसरा शोधा.