आजोबांचं इन्स्पेक्शन

ऑफिसातून आलं की माझं टेबल म्हणजे लोको शेड! सध्या कामाला घेतलंय डब्ल्यूपी इंजिन. एचओ स्केल, म्हणजे खऱ्याच्या १/८७. या जातीची पहिली इंजिनं १९४७ मध्ये अमेरिकेतल्या बाल्डविन कंपनीकडून आली. बुलेटसारखं नाक, त्यावरचा चंदेरी तारा... सगळं फोटोशी ताडून झालं. एकदम परफेक्ट!

मग ते आजोबांच्या हातात दिलं. एकेकाळचे फायरमन, आता नजर अधू. बोटांनी चाचपत म्हणाले, ‘‘कॅबशेजारचा धरायचा दांडा कुठाय रे? चढायचं कसं?’’

फोटोत होता की! मीच पाहिला नव्हता.

रात्री ०.३ मिलिमीटरची पितळी तार वाकवून चिकटवली. ८७ पट केली, की बरोब्बर मुठीत मावेल अशी.

सकाळी आजोबांचं बोट तिथंच थांबलं. बराच वेळ.

‘‘हं. आता चढता येईल.’’