माळवद

ज्याच्या घराला हातभर रुंदीच्या दगडी भिंती आणि वर मातीचे भरभक्कम माळवद, तो सुस्थितीतला, असा एक अलिखित दाखला माझ्या बालपणी वैरागात सर्वमान्य होता. उन्हाळ्यात त्या माळवदावर कुरडया वाळत, रात्री आम्ही भावंडे तेथेच निजत असू, आणि मृगाच्या आधी पांढरी माती आणून वर पसरण्याचे काम वडील इतक्या निष्ठेने करीत की त्या छताचे ओझे वर्षानुवर्षे वाढतच गेले. वैशाखात बाहेर जीव भाजत असताना आत भुईवर अंग टाकले की डोळा लागे. पण या सुखाबद्दल कोणाचे उपकार मानावेत, असे आमच्या घरात कधी कोणाच्या मनात आले नाही.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीची भुई हादरली, तेव्हा आमच्या मांडणीवरची भांडी खणखणली, भिंतीतून थोडी माती झरली आणि तेवढ्यावर निभावले. आदल्या रात्री अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून निजलेली तिकडची गावेच्या गावे मात्र तसल्याच भिंतींखाली नि तसल्याच माळवदांखाली गाडली गेली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा मुलूख सर्वांत निर्धोक पट्ट्यात होता, हे पुढे पुष्कळदा ऐकले. वास्तविक आदल्या वर्षीच किल्लारीला धक्के बसले होते.

दिवाळीच्या सुमारास आम्ही काही मंडळी धान्य घेऊन तुळजापूरमार्गे तेव्हाच्या उमरगा तालुक्यातल्या सास्तूरला गेलो. वाटेत शहरांतून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग कडेला भिजून कुजत पडलेले दिसले. दानशूरांनी आपली कपाटे मोकळी केली होती, एवढेच त्यावरून कळत होते. पत्र्याच्या एका शेडमध्ये एका आजींनी आम्हाला बळेच बसवून कोरा चहा पाजला. शेडच्या मध्यभागी, छताला न टेकलेला, कशालाच आधार न देणारा एक बाभळीचा खांब पुरलेला होता आणि त्यावर हळदकुंकू ताजे होते.

“ह्यानंच धरलं बगा,” आजी म्हणाल्या. “भिती भाईर कोसळल्या, पन ह्यो हालला न्हाई. नातू ह्याच्या बुडाशी निजला व्हता.”

जुन्या खणांच्या घरात माळवदाचा भार भिंतींवर नसून खांब-तुळयांवर असतो, आणि जेथे ही लाकडी चौकट शाबूत राहिली तेथे तिच्याखालची माणसे वाचली, हे मला नंतर जाणत्यांकडून कळले. त्या वेळी ध्यानात राहिले ते आजींचे पुढचे वाक्य. “माझ्या सासऱ्यानं सुताराला दोन पायल्या जवारी दिलती म्हनं. लई कमी दिली.”

सुतार कधीच वारला असणार. सासराही. आम्ही आणलेल्या पोत्याबद्दल त्या अवाक्षर बोलल्या नाहीत, आणि त्यात मला काही वावगे वाटले नाही. परतल्यावर मी आमच्या सागवानी खांबांना हात लावून पाहिला आणि ते कोणी उभे केले, असे वडिलांना विचारले. त्यांनी आजोबांचे दप्तर काढले. लाकडाची किंमत, गाडीभाडे, वास्तुशांतीच्या तुपाचा खर्च, सारे मोडी अक्षरांत तपशीलवार होते. सुताराचे नाव मात्र नव्हते.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून बावन्न गावे नव्या जागी वसली. जमीन हेक्टरभराच्या आत असणाऱ्यास 250 चौरस फूट, सात हेक्टरांपर्यंत 400 आणि त्यापुढच्यास 750, अशी घरांची प्रतवारी होती. आजी पहिल्या वर्गात बसल्या. काही वर्षांनी गेलो तेव्हा खांब अंगणात होता, त्याला शेळी बांधली होती, कुंकू मात्र होतेच. घर तापते, शेजार लांब पडला, कोपऱ्यातून पाणी गळते, अशा तक्रारींचा पाढा त्यांनी स्वच्छपणे वाचला. कृतज्ञ माणसाने तक्रार करू नये, ही समजूत मला तेव्हापासून देणाऱ्यांच्या सोयीची वाटते.

गळतीबद्दल तहसील कचेरीत द्यावयाचा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतला, त्याखाली अंगठा उठवला आणि आत जाऊन भुईमुगाच्या शेंगांनी भरलेले एक गठुडे आणून माझ्यापुढे ठेवले. मी नको म्हणून हात मागे घेतला, तेव्हा त्यांनी गठुड्याकडे एकवार पाहिले, पुन्हा माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “कमी हाय का?”